भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी कीटकरोधक जाळी

शेवगाव तालुक्यात कपाशी हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. विहीर बागायत असलेल्या शिवारात कपाशीच्या शेजारीच टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे टाकली जातात. कपाशीवर वाढलेली पांढरी माशी व मावा या कोवळ्या रोपांवर सहज येतात. रस शोषल्याने झालेली हानी रोप काही प्रमाणात भरून काढते. परंतु किडीने आणलेला विषाणू रोपात कायम राहतो. त्यावर कोणतेही औषध नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला २०२० च्या उन्हाळ्यात याचा अनुभव आला. अकोले, संगमनेर भागात टोमॅटोची फळे एकसारखी रंगेनात. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत प्रामुख्याने ‘कुकुंबर मोझॅक’ विषाणू आढळला. त्याचा प्रसार मावा करतो. माव्याने सोंड टोचल्यावर काही क्षणांतच हा विषाणू रोपात शिरतो; कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत संसर्ग होऊन गेलेला असतो. म्हणून किडीला रोपापर्यंत पोहोचू न देणारी जाळी येथे उपयोगी पडते.

जाळीची निवड

शेडनेट म्हणजे कीटकरोधक जाळी नव्हे. शेडनेट ऊन कमी करते. तिच्या छिद्रांतून लहान किडी आत येतात. कीटकरोधक जाळी एकेरी प्लॅस्टिक धाग्याने घट्ट विणलेली असते व अतिनील किरणांत टिकण्यासाठी तिच्यावर प्रक्रिया केलेली असते.

‘मेश’ म्हणजे एका इंचातील छिद्रांची संख्या. पांढरी माशी अडविण्यासाठी छिद्राची रुंदी ०.४६ मि.मी., माव्यासाठी ०.३४ मि.मी. व फुलकिड्यांसाठी ०.१९ मि.मी. यापेक्षा अधिक नसावी. ४० मेशच्या जाळीत छिद्र साधारण ०.४ मि.मी. असते. ती पांढरी माशी अडविते, मावा नाही. माव्यासाठी ५० मेशची जाळी घ्यावी. धाग्याच्या जाडीनुसार छिद्र बदलते. म्हणून खरेदीच्या वेळी मेशबरोबर छिद्राचे मापही विचारावे. फुलकिडे ५० मेशमधूनही आत येतात. त्यासाठी आत निळे चिकट सापळे लावावेत. याहून बारीक जाळीत हवा कोंडून उष्णता वाढते.

उभारणी व निगा

- जाळीच्या कडा वीतभर खोल मातीत गाडाव्यात.
- एकामागे एक अशी दोन दारे ठेवावीत. दोन्ही एकाच वेळी उघडू नयेत.
- जाळी रोपांना टेकू देऊ नये. टेकलेल्या पानांना कीड बाहेरूनही सोंड लावू शकते.
- बी टाकण्यापूर्वीच जाळी लावावी. कीड आत असताना जाळी लावल्यास तिला निवाराच मिळतो.
- भोवतालचे तण काढावे. फाटलेला भाग त्याच दिवशी शिवावा. धूळ साचल्यास जाळी पाण्याने धुवावी.
- लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून रोपे कणखर करावीत.

काकडी, दोडका, कारले यांसारख्या वेलवर्गीय पिकांवर शेतात जाळी वापरल्यास फुले येताच ती काढावी. अन्यथा मधमाश्या आत जाऊ शकत नाहीत आणि फळधारणा होत नाही.

फळझाडांची कलमे

मोसंबी, लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोगाचा प्रसार सिट्रस सिला ही कीड करते. रोगट कलम बागेत लावले, तर रोग झाडाबरोबर वर्षानुवर्षे राहतो. म्हणून मातृवृक्ष व कलमे जाळीगृहात वाढविली जातात. कलमे घेताना ती कोठे वाढविली, याची चौकशी जरूर करावी.

जाळीतून बाहेर आलेले रोप शेतात पुन्हा उघडेच असते. तेथे किडींचे नियंत्रण चालूच ठेवावे लागते. मात्र रोप जितके लहान असताना विषाणू शिरतो, तितकी उत्पादनातील घट मोठी असते. सुरुवातीचे पंचवीस-तीस दिवस सुरक्षित काढण्याचे महत्त्व यातच आहे.