जुन्या दूरचित्रवाणी-मालिकांचे प्रथमदर्शन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, पत्रे, शिलालेख आणि दप्तरखान्यांतील रुमाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. लावण्या, नाटके, वृत्तपत्रांतील जाहिराती ह्यांनाही पुढे साधनांच्या पंक्तीत जागा मिळाली. दूरचित्रवाणीवरील मालिकांना मात्र आमच्या अभ्यासकांनी अद्याप उंबरठ्याबाहेरच ठेवलेले दिसते. करमणुकीची वस्तू म्हणून त्यांची बोळवण केली जाते. वस्तुतः दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले आणि १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागला. ह्या माध्यमाचा पूर्वार्ध आता खरोखरीच इतिहासजमा झाला आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ २८ तारखेपासून पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा १९८७ साली, म्हणजे ती मालिका मुळात सुरू झाली त्या वर्षी, जन्मालाही न आलेल्या असंख्य प्रेक्षकांनी ती प्रथमच पाहिली. अशा प्रथमदर्शनात प्रेक्षकाच्या हाती नेमके काय लागते, हा आमच्या मते इतिहासाचा प्रश्न आहे.

जुनी मालिका पाहणाऱ्यासमोर एकाच पडद्यावर तीन काळ एकत्र येतात. पहिला, कथेत रंगविलेला काळ. दुसरा, मालिका ज्या दिवसांत घडली व प्रथम दिसली तो काळ. तिसरा, पाहणाऱ्याचा स्वतःचा काळ. पहिल्याकडे लक्ष जाते, कारण कथा तेथे घडते. तिसरा तर आपल्या अंगवळणीच पडलेला असतो. विसर पडतो तो मधल्या काळाचा. मालिकेची साक्ष सर्वांत विश्वासार्ह ठरते ती मात्र ह्या मधल्या काळाविषयीच.

‘हम लोग’ ह्या मालिकेचे उदाहरण घेऊ. ती ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १५६ भागांनंतर १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्रिपद भूषविलेले विदर्भातील वसंत साठे ह्यांनी मेक्सिकोत पाहिलेला प्रयोग तिच्या मुळाशी होता. तेथे मिगेल साबिदो ह्यांनी कौटुंबिक कथामालांतून साक्षरता व कुटुंबनियोजन ह्यांचा प्रसार करण्याची पद्धत बसविली होती. मनोहर श्याम जोशी ह्यांच्या लेखणीतून उतरलेल्या ह्या मालिकेतही आरंभी उपदेशाचा भर फार होता; प्रेक्षकांस तो रुचला नाही, म्हणून पुढे तो सौम्य करून कथेला वाव देण्यात आला. घरातील भागवंती ही माउली सर्वांचे सोसते, सर्वांसाठी राबते आणि स्वतःसाठी काही मागत नाही. स्त्रीने असे मुकाट्याने सोसू नये, हे दाखविण्यासाठी ते पात्र योजिले होते. परंतु अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स ह्या संशोधकांच्या पाहणीत असे आढळले की, कित्येक प्रेक्षकांनी, आणि त्यांतही पुष्कळ स्त्रियांनी, तिलाच अनुकरणीय मानले होते. आजची विद्यार्थिनी भागवंतीस प्रथमच पाहील, तर ‘मालिकावाल्यांनी जुनाट आदर्श पुढे ठेवला’ असा निवाडा ती सहज देईल. तो निवाडा कर्त्यांच्या हेतूवर अन्याय करील; शिवाय तो हेतू आणि त्याचे झालेले ग्रहण ह्यांमधील अंतरही तिच्या दृष्टीआड राहील. त्या दशकातील घरांचे अंतरंग कळते ते नेमके ह्या अंतरातून.

संथपणाचेही असेच आहे. जुनी मालिका पाहणाऱ्या तरुणाची पहिली तक्रार गतीविषयी असते. तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि ‘हम लोग’च्या प्रत्येक भागाअखेर अशोककुमार येऊन घडलेल्या प्रसंगावर भाष्य करतात, हे त्याला अनावश्यक वाटते. परंतु ही रचना सतरा महिने खंडाखंडाने पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी होती. चुकलेला भाग पुन्हा पाहण्याचे साधन बहुतेकांपाशी नव्हते. एका संचासमोर शेजारपाजार जमत असे. त्यांत हिंदी न कळणारेही असत. म्हणूनच अशोककुमार समारोप करताना ‘हम लोग’ हे दोन शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारीत. कीर्तनकार पूर्वरंग आटोपून उत्तररंगाकडे वळताना मूळ सूत्राची आठवण देतो, तशीच ही योजना होय. आज तेच भाग ओळीने पाहिले की पुनरुक्ती जाणवते, आणि दोन भागांमधील दिवस, त्या दिवसांतील चर्चा व हुरहुर मात्र कोणत्याही फितीवर सापडत नाही. मालिकेचा हा अर्धा भाग कायमचा प्रेक्षकांच्या स्मरणातच राहिला आहे.

‘तमस’चा दाखला ह्याहूनही बोधप्रद आहे. मूळ कादंबरीचे कर्ते भीष्म साहनी हे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मधील तेथील दंगली त्यांनी स्वतः अनुभविल्या होत्या. तरीही कादंबरी लिहिली गेली ती सुमारे पाव शतकानंतर. आणि १९७० सालच्या दंगलीनंतर ठाणे जिल्ह्यातील भिवंडीस दिलेल्या भेटीने आपल्या जुन्या आठवणी जाग्या झाल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणजे पंजाबच्या फाळणीची ही कथा महाराष्ट्रातील एका यंत्रमागाच्या गावातून वाट काढीत कागदावर उतरली. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. कराचीस जन्मलेले दिग्दर्शक गोविंद निहलानी ह्यांनी तिची मालिका केली. चामडे कमावणाऱ्या नथ्थूला फसवून त्याच्याकडून डुक्कर मारविले जाते आणि तेथून वणवा पेटतो, हा तिचा आरंभ. नथ्थूचे काम ओम पुरी ह्यांनी केले. वृद्ध हरनामसिंगाच्या भूमिकेत तर स्वतः साहनीच उभे राहिले.

ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दिसू लागली, तेव्हा १९८४ ची दिल्ली आणि १९८७ चे मेरठ लोकांच्या मनात ताजे होते. प्रक्षेपण थांबवावे म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी मालिका स्वतः पाहिली आणि अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानेही १६ फेब्रुवारी १९८८ रोजी बंदी नाकारली. त्या वेळी न्यायालयाने जिचा आधार घेतला ती कसोटी नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी पूर्वी सांगितलेली होती. एखाद्या कृतीचा परिणाम जोखावयाचा तो समंजस व खंबीर माणसाच्या मनावरून, दुबळ्या व डळमळीत मनावरून नव्हे, असा तिचा आशय. आज ‘तमस’ प्रथम पाहणारा तीत १९४७ पाहतो. परंतु तीत १९७० आणि १९८८ हीही साले आहेत. ती दोन वगळली, तर ही कथा एवढ्या वर्षांनी पुन्हा का सांगावीशी वाटली आणि ती सांगू नये असे कोणास का वाटले, ह्या दोन्ही प्रश्नांना आपण मुकतो.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हा मराठी भाषकांस ह्या विषयाची आणखी एक बाजू आहे. चिंतामण विनायक जोशी ह्यांनी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन केले. चिमणराव व गुंड्याभाऊ ही अजरामर जोडी त्यांचीच. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिला पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. परंतु मुंबईच्या मनोऱ्याचा पल्ला तो किती? पुण्याच्या सहप्रक्षेपणापलीकडील बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी घरांना ती मालिका त्या वेळी दिसण्याजोगी नव्हती. ज्या बडोद्याने चिमणरावांच्या जनकास पोटाशी धरले, त्याच नगरीला पडद्यावरचा चिमणराव परका राहिला. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम आला तो हिंदीचा. तेव्हा महाराष्ट्रातील मनुष्य जुनी मराठी मालिका पाहतो ती आठवण म्हणून. आमच्याकडील मनुष्य तीच पाहतो ती प्रथमदर्शन म्हणून. त्या संवादांतील मुंबई-पुण्याची बोली आणि आमच्या घरांत टिकलेली मराठी ह्यांची तुलना करण्यास ह्याहून सुलभ साधन नाही. आमच्या कानांना जे शब्द वेगळे वाटतात, त्यांची टिपणे कोणी करील, तर भाषेच्या इतिहासाला मोलाची भर पडेल.

ही साधने चिरस्थायी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. चित्रफिती महाग होत्या. एका कार्यक्रमावर दुसरा ध्वनिचित्रित करण्याची रीत अनेक देशांत होती. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनसारख्या संपन्न संस्थेनेही १९७० नंतरच्या दशकापर्यंत आपले कितीतरी नाट्यभाग अशा रीतीने पुसून टाकले. आमच्याकडीलही पुष्कळ काम असेच गेले. जे उरले ते दूरदर्शनच्या संग्रहातून थोडेथोडे बाहेर येत आहे. परंतु फीत वाचली तरी ती मुळात पाहणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जातात, आणि वर म्हटल्याप्रमाणे मालिकेचा अर्धा भाग त्यांतच आहे.

म्हणून अध्यापकांस आमची विनंती अशी की, वर्गात जुनी मालिका दाखविताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत : ही कथा कोणत्या काळाची, ती कोणत्या काळात सांगितली गेली, आणि ती पाहताना आपल्याला काय खटकले? पहिल्याचे उत्तर कथाच देईल. दुसऱ्यासाठी त्या वर्षांची वृत्तपत्रे चाळावी लागतील. तिसऱ्याचे उत्तर घेऊन विद्यार्थ्याने घरी जावे आणि आजी-आजोबांस विचारावे की, तुम्हांसही हेच खटकले होते काय? त्यांची उत्तरे वहीत उतरवून घेण्याचे काम आमच्या साहित्यसंस्थांनी ह्याच वर्षी हाती घ्यावे. दप्तरातील रुमाल आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकतील; ही माणसे तेवढी थांबणार नाहीत.