धडधाकट माणसाची तपासणी

आपल्याकडे बिऱ्हाड बदलले म्हणजे बहुधा डॉक्टरही बदलतो. पण त्या बदलाची वर्दी कोणी कोणाला देत नाही. पोर तापाने फणफणले की कोपऱ्यावरचा दवाखाना गाठायचा. नवा डॉक्टर ‘काय होतंय?’ असे विचारतो आणि तेथूनच त्याची-आपली ओळख सुरू होते. इंग्लंडात तसे नाही. तेथे माणूस एका दवाखान्याच्या यादीत नाव घालतो, आणि नाव घातल्यावर काहीएक दुखत नसतानाही त्याला तपासणीसाठी बोलावण्याची रीत आहे. आजारी नसलेल्याला डॉक्टरपुढे उभे करण्याची ही कल्पना आली कोठून, आणि तिने कोणाचे भले झाले?

लंडनच्या हॉरेस डोबेल या डॉक्टरने 1861 मध्ये व्याख्यानेच देऊन असे मांडले होते की, रोग प्रकट होण्यापूर्वी त्याचे अंकुर शरीरात असतात, म्हणून निरोगी दिसणाऱ्यांनाही ठराविक काळाने तपासावे. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. ऐकले ते विमा कंपन्यांनी, पण त्यांना काळजी पैशाची होती! सरकारचे डोळे उघडले बोअर युद्धात. भरतीला आलेल्या तरुणांपैकी कितीतरी नालायक ठरले, तेव्हा साम्राज्याला घाम फुटला. 1904 साली चौकशी समितीचा अहवाल आला आणि 1907 च्या कायद्याने शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. पुढे 1911 मध्ये लॉईड जॉर्जने कामगारांसाठी विम्याचा कायदा आणला. डॉक्टरला यादीतील माणशी ठराविक रक्कम मिळू लागली. पण ती यादी कामगारांची; त्यांच्या बायकामुलांना तीत जागा नव्हती.

या सगळ्यांहून वेगळी अशी एक गोष्ट दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात घडली, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनस पिअर्स या दोघा डॉक्टरांनी 1926 साली तेथे एका साध्या घरात एक केंद्र काढले. रोगाचा अभ्यास सगळेच करतात, आरोग्याचा कोणी करीत नाही, ही त्यांची तक्रार. 1935 मध्ये केंद्राची मोठी इमारत उभी राहिली. ओवेन विल्यम्स या स्थापत्यविशारद अभियंत्याने ती बांधली. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती काचेच्या भिंती, व्यायामशाळा, उपाहारगृह. सभासद व्हायचे ते एकट्याने नव्हे, सबंध कुटुंबाने. घर केंद्रापासून पायी जाण्याच्या अंतरावर हवे. वर्गणी घरटी आठवड्याला एक शिलिंग. आणि एक अट अशी की, घरातल्या प्रत्येकाने आल्याबरोबर, आणि पुढेही वेळोवेळी, तपासणी करून घ्यायची. यंत्राचे भाग सुटे करून पाहतात तेव्हा वापरला जाणारा ‘ओव्हरहॉल’ हाच शब्द त्यांनी तिला लावला.

तपासणी झाली की आई, बाप, मुले यांना एकत्र बसवून, काय आढळले ते डॉक्टर समजावून सांगत. उपचार मात्र केंद्र करीत नसे. त्यासाठी बाहेर धाडीत. काय करायचे ते कुटुंबाने ठरवावे, असा त्यांचा बाणा होता. आणि आढळले काय? दहांपैकी नऊ जणांत काही ना काही बिघाड! बायकांच्या रक्तात लोह कमी, कोणाचे दात किडलेले, मुलांच्या पोटात जंत. बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. थकवा हा संसाराचाच भाग, अशी त्यांची समजूत. आपल्या आयाबहिणींची समजूत याहून निराळी होती असे मला वाटत नाही.

युद्धात केंद्र बंद पडले, 1946 मध्ये पुन्हा उघडले आणि 1950 मध्ये कायमचे मिटले. मधल्या काळात, 5 जुलै 1948 रोजी, अन्यूरिन बेव्हनने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली होती. नवी सेवा सर्वांना खुली. केंद्र शेजारच्या कुटुंबांपुरते. सेवा मोफत, केंद्र वर्गणीवर. सेवेचे लक्ष रोग्याकडे, केंद्राचे धडधाकटाकडे. दोहोंचा मेळ बसला नाही. बेव्हनला दोष देणे सोपे आहे; पण ज्यांनी पैशाअभावी डॉक्टरचे तोंड पाहिले नव्हते अशांची रांग दाराशी असताना त्याने काय करावे?

पेकहॅमचा एक तुकडा मात्र चाळीस वर्षांनी सरकारी करारात उगवला. एप्रिल 1990 पासून डॉक्टरांवर बंधन आले की, नव्याने नाव घालणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांच्या आत तपासणीस बोलवावे. उंची, वजन, रक्तदाब, लघवीतील साखर. शिवाय नोकरी, घर, तंबाखू, दारू यांची विचारपूस. केनेथ क्लार्क या आरोग्यमंत्र्याने डॉक्टरांचा कडवा विरोध असताना हा करार लादला. कुटुंबाला समोर बसवून बोलण्याच्या जागी एक छापील तक्ता आला. 2004 च्या करारात अठ्ठावीस दिवसांचे सहा महिने झाले.

विरोधकांपाशी पुरावाही होता. आग्नेय लंडनमध्येच 1967 पासून मध्यमवयीन अशा सुमारे सात हजार लोकांवर प्रयोग झाला होता: निम्म्यांना तपासणीस बोलावले, निम्म्यांना नाही. नऊ वर्षांनी मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा सतरा प्रयोगांची, अडीच लाखांवर माणसांची, बेरीज मांडली. निष्कर्ष तोच निघाला. तरीही इंग्लंडात 2009 पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्यांना दर पाच वर्षांनी तपासणीचे बोलावणे जाते.

माझ्या मते हे प्रयोग खरेच आहेत, पण त्यांनी मोजले ते मुख्यतः मरण. पेकहॅमच्या त्या बाईला लोह मिळून जिना चढताना धाप लागेनाशी झाली, तर तिची नोंद मृत्यूंच्या रकान्यात कशी पडणार? उलट बाजूही आहे: तक्ता भरून घेणाऱ्या परिचारिकेकडे त्या बाईशी बोलायला वेळ किती असतो, हे कराराच्या कागदावर कोठेच लिहिलेले नाही. केंद्राची ती काचेची इमारत अजून उभी आहे. तिच्या सदनिका झाल्या आहेत.