निमंत्रण आणि अधिकार : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेशाचा इतिहास

कोणत्याही अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास सामान्यतः विजेत्यांच्या नामावलीवरून लिहिला जातो. परंतु स्पर्धेच्या अंतरंगाचा खरा परिचय होतो तो तिच्या प्रवेशद्वाराशी. आत कोणाला घ्यावयाचे, कोणाला बाहेर ठेवावयाचे आणि हा निर्णय कोणी करावयाचा, या प्रश्नांची जी उत्तरे वेळोवेळी दिली जातात, त्यांत त्या समाजाच्या न्यायविषयक कल्पना उमटलेल्या असतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा हे याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या प्रवेशनियमांचा इतिहास म्हणजे दोन तत्त्वांमधील दीर्घ ओढाताण आहे. मैदानावरील विजयाने प्राप्त होणारा अधिकार हे एक तत्त्व. जाणत्या मंडळींनी पारख करून दिलेले निमंत्रण हे दुसरे.

१

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे सिद्ध केला. महाविद्यालयांनी तो त्वरेने स्वीकारला. तथापि राष्ट्रीय स्वरूपाची स्पर्धा सुरू होण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रीडावार्ताहरांच्या संघटनेने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा संघांना बोलावून ‘नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट’ भरविली. तिच्या नावातच निमंत्रणाचे तत्त्व होते. पुढच्याच वर्षी, ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक हॅरल्ड ओल्सन यांच्या पुढाकाराने, बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने दुसरी स्पर्धा योजिली. राष्ट्रीय विजेता कोण हे न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी नव्हे, तर महाविद्यालयांनीच ठरवावे, ही त्यामागील भूमिका होती.

या १९३९ च्या स्पर्धेत आठ संघ होते. देशाचे आठ जिल्हे कल्पून प्रत्येक जिल्ह्याच्या निवडसमितीने एकेक संघ पाठवावयाचा, अशी व्यवस्था होती. अंतिम सामन्यात ऑरेगॉनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. आर्थिक दृष्ट्या मात्र स्पर्धेला सुमारे अडीच हजार डॉलरांची खोट आली आणि त्यानंतर तिची जबाबदारी ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या संस्थेने उचलली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वार्ताहरांच्या निवडीला पर्याय म्हणून निघालेली ही स्पर्धाही आरंभी निवडीवरच चालत होती. निवडणारे बदलले, तत्त्व बदलले नाही.

या पद्धतीतील उणीव १९५० मध्ये ठळकपणे दिसली. १९४८ व १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य ठरलेले केंटकी विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे दोन्ही प्रबळ संघ एकाच जिल्ह्यात होते आणि जागा एकच होती. समितीने नॉर्थ कॅरोलायना स्टेटला निवडले आणि गतविजेता संघ स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी संघांची संख्या सोळा झाली आणि प्रमुख कॉन्फरन्सांच्या विजेत्यांना आपोआप प्रवेश मिळू लागला. कॉन्फरन्स म्हणजे परस्परांत नियमितपणे सामने खेळण्यासाठी काही महाविद्यालयांनी मिळून केलेला गट. गटाचा विजेता समितीच्या मर्जीवाचून स्पर्धेत जाणार, या नियमाने अधिकाराचे तत्त्व प्रथमच प्रस्थापित झाले.

२

परंतु अधिकार कागदावर असणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे. दक्षिणेकडील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९५९, १९६१ आणि १९६२ या वर्षी आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले किंवा त्यात वाटा मिळविला. तीनही वेळा त्याने राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याचे नाकारले आणि त्याच्या जागी केंटकीचा संघ गेला. कारण क्रीडाविषयक नव्हते. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघांशी राज्यातील गोऱ्यांच्या महाविद्यालयांनी खेळू नये, असा मिसिसिपीत अलिखित दंडक होता. नियमपुस्तकात ज्याचा उल्लेखही नव्हता असा हा दंडक नियमाने दिलेल्या अधिकारावर मात करीत होता.

१९६३ मध्ये संघ पुन्हा पात्र ठरला. या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हर्ड यांनी संघास जाण्याची अनुमती दिली. विरोधकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला. तो बजावला जाण्यापूर्वीच संघाने गुप्तपणे राज्याची सीमा ओलांडली. मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे त्याची गाठ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी पडली. लोयोलाच्या आरंभीच्या पाच खेळाडूंपैकी चौघे कृष्णवर्णीय होते. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही मिळविले. हरलेल्या संघाच्या पदरी त्या वर्षी अजिंक्यपद पडले नाही; परंतु मैदानावर कमावलेला प्रवेशाचा हक्क त्याने चौथ्या खेपेस प्रत्यक्ष बजावला.

३

केवळ अधिकाराचे तत्त्व स्वीकारले तरी अन्याय टळतो असे नाही. एका कॉन्फरन्समधून एकच संघ, हा नियम १९७४ पर्यंत टिकला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये तर विजेता हंगामाच्या सामन्यांवरून न ठरता हंगामाअखेर भरणाऱ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून ठरे. १९७० मध्ये साउथ कॅरोलायनाने कॉन्फरन्समधील चौदाही सामने जिंकले. परंतु अखेरच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो संघ हरला आणि वर्षभराची कमाई एका रात्रीत गेली. १९७१ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने सव्वीसपैकी चोवीस सामने जिंकले. उरलेले दोन पराभव त्याच कॉन्फरन्समधील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून झाले होते. तेवढ्यावरून त्याला घरी बसावे लागले.

या मालिकेचा कळस ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरो येथे झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडचा जादा वेळेत १०३-१०० असा पराभव केला. मेरिलँडची गणना त्या वेळी देशातील पहिल्या चार संघांत होत होती. तरीही तीन गुणांच्या अंतराने त्याला स्पर्धेचे दार बंद झाले. विजेत्या संघाने पुढे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, यावरून त्या सामन्याची योग्यता कळते. १९७५ पासून संघांची संख्या ३२ झाली आणि एका कॉन्फरन्समधून दुसरा संघही घेता येऊ लागला. १९८० मध्ये ही मर्यादाही गेली. १९८५ मध्ये संख्या ६४ वर पोहोचली. २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८ झाली. स्त्रियांची स्पर्धा याच संस्थेने १९८२ मध्ये ३२ संघांनिशी सुरू केली. २०२२ मध्ये तीही ६८ संघांची झाली.

४

या वाटचालीत निमंत्रणाचे तत्त्व मागील दाराने परत आले. २०२५ च्या पुरुषांच्या स्पर्धेत ३१ संघ कॉन्फरन्सविजेते म्हणून आले आणि उरलेले ३७ समितीने निवडले. या दुसऱ्या प्रकारच्या जागांना ‘ॲट लार्ज’ म्हणतात. अमेरिकन राजकारणात एखाद्या विशिष्ट मतदारसंघाचा नव्हे, तर समग्र प्रदेशाचा म्हणून निवडलेल्या प्रतिनिधीस ही संज्ञा लावतात. अशा जागांवरील संघ आपल्या गटाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या गुणवत्तेवर येतो, असे या संज्ञेतून सूचित होते.

गुणवत्ता मोजावयाची कशी, हा पुढचा प्रश्न. १९८१ पासून समितीने एक निर्देशांक वापरला. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला पाव, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला अर्धा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणाला पाव हिस्सा दिला होता. म्हणजे तीन चतुर्थांश भाग इतरांच्या कर्तृत्वावर अवलंबून होता. श्रीमंत विद्यापीठांना तुल्यबळ संघांशी सामने सहज ठरविता येतात. लहान महाविद्यालयांना ते मिळणे कठीण. त्यामुळे तटस्थ दिसणाऱ्या गणिताच्या आत जुनी विषमता लपून राहू शकते. २०१८ मध्ये हा निर्देशांक जाऊन नवा आला. त्यात सामना स्वगृही, परगृही की तटस्थ स्थळी झाला याचा विचार होतो. तरीही आकडे समितीला केवळ साहाय्य करतात. अंतिम निर्णय सदस्यांच्या मतदानाने होतो. एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या संस्थेची चर्चा निघाली की त्याने खोलीबाहेर जावयाचे असते. निवड माणसांची आहे, याची ही प्रांजळ कबुलीच म्हणावी लागेल.

५

प्रवेशासाठी रूढ असलेला इंग्रजी शब्दही येथे उद्बोधक आहे. स्पर्धेतील जागेला ‘बिड’ म्हणतात. आधुनिक इंग्रजीतील या शब्दात जुन्या इंग्रजीतील दोन भिन्न धातू मिसळले आहेत : एकाचा अर्थ विनविणे, दुसऱ्याचा देऊ करणे आणि आज्ञा करणे. दुसरा धातू संस्कृतातील ‘बुध्’ धातूचा सगोत्र आहे. निमंत्रण आणि आज्ञा यांमधील सीमा जशी या शब्दात पुसट आहे, तशीच ती स्पर्धेच्या इतिहासातही पुसट झाली. १९७० मध्ये मार्केट विद्यापीठाचे प्रशिक्षक अल मॅग्वायर यांनी आपल्या संघाला घरापासून दूरच्या विभागात घातल्याबद्दल बोलावणे नाकारले. संघ न्यूयॉर्कच्या जुन्या स्पर्धेत गेला आणि ती जिंकला. पुढे संस्थेने नियमच केला की निवडलेल्या संघाने हीच स्पर्धा खेळली पाहिजे. जे नाकारता येत नाही ते निमंत्रण कसे, असा प्रश्न यातून उभा राहतो. न्यूयॉर्कची स्पर्धा चालविणाऱ्या पाच महाविद्यालयांनी तो न्यायालयात नेला. २००५ मध्ये तडजोड झाली. तिच्यासाठी संस्थेने एकूण ५ कोटी ६५ लक्ष डॉलर मोजले आणि जुनी स्पर्धा तिच्याच मालकीची झाली.

अधिकाराच्या तत्त्वाचे सामर्थ्य अलीकडच्या एका प्रसंगात दिसते. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सन विद्यापीठ आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मेरिमॅककडून ६७-६६ असे हरले. परंतु मेरिमॅक नुकतेच खालच्या श्रेणीतून वर आलेले असल्याने संक्रमणकाळाच्या नियमानुसार अपात्र होते. म्हणून पराभूत संघाला जागा मिळाली. त्याच संघाने पुढे विभागातील अग्रमानांकित पर्ड्यू विद्यापीठाला ६३-५८ असे नमविले. कोणत्याही समितीने त्याला निवडले असते असे म्हणणे कठीण आहे. तथापि मेरिमॅकच्या बाजूने पाहिले तर याच नियमाने जिंकणाऱ्याचा हक्क हिरावला, हेही विसरता येत नाही.

सारांश, या स्पर्धेने ऐंशीहून अधिक वर्षांत दार पुष्कळ रुंद केले. परंतु दाराशी उभा राहणारा वाद संपविला नाही. आठ संघ असताना नववा हळहळत होता. अडुसष्ट असताना एकोणसत्तरावा हळहळतो. संख्या वाढविल्याने अन्याय नाहीसा होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. नियमाने दिलेला अधिकार लहानांना आश्रय देतो, पण तो आंधळा असतो. निवडीला डोळे असतात, पण ती पक्षपाती होऊ शकते. दोहोंपैकी एकावरच विसंबण्याचे धाडस या स्पर्धेने १९५१ नंतर केलेले नाही, आणि तिच्या टिकून राहण्याचे रहस्य बहुधा यातच आहे.