शेवटच्या काळातील धार्मिक फसवणूक : ख्रिस्तसभेची शिकवण

प्रभू येशू ख्रिस्त गौरवाने पुन्हा येणार आहे, ही श्रद्धा आपण प्रत्येक रविवारी मिस्सामध्ये प्रकट करतो. मात्र आपल्या नावाने अनेक जण येऊन पुष्कळांना फसवतील, असा इशाराही प्रभूने शिष्यांना दिला होता (मत्तय २४:५). ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द बायबलमध्ये केवळ संत योहानाच्या पत्रांत आढळतो.

धर्मशिक्षण काय सांगते?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद ६७५ ते ६७७) या विषयाचे विवेचन आहे. प्रभूच्या पुनरागमनापूर्वी ख्रिस्तसभेला अंतिम कसोटीतून जावे लागेल. त्या वेळची फसवणूक मानवाला त्याच्या समस्यांवर वरवरचा तोडगा देईल. त्याची किंमत असेल सत्याचा त्याग. देवाच्या जागी मानवाने स्वतःचे गौरव करणे, हे तिचे परमोच्च रूप होय. देवाचे राज्य इतिहासाच्या चौकटीतच पूर्णत्वास नेण्याचा दावाही ख्रिस्तसभा नाकारते. अंतिम न्यायापूर्वी ख्रिस्त पृथ्वीवर दृश्य रूपाने राज्य करील, हे सौम्य सहस्रवर्षवादी मतही निर्धोकपणे शिकवता येत नाही, असा निर्णय रोमने १९४४ साली दिला.

कानुंगूची शोकांतिका

युगांडातील कानुंगू येथे देवाच्या दहा आज्ञांच्या पुनःस्थापनेसाठी म्हणून एक पंथ उभा राहिला. जोसेफ किब्वेतेरे व क्रेडोनिया म्वेरिंदे हे त्याचे पुढारी. काही माजी कॅथलिक धर्मगुरूही त्यात होते. पवित्र मरियेचे दर्शन व संदेश लाभल्याचा त्यांचा दावा होता. अनुयायांनी मालमत्ता पंथाच्या स्वाधीन केली. १९९९ अखेर जग संपेल हे भाकीत खोटे ठरले. १७ मार्च २००० रोजी बंद प्रार्थनागृहाला लागलेल्या आगीत शेकडो जण मृत्युमुखी पडले. त्यांत बालकेही होती. येथे फसवणूक अधर्माच्या नव्हे, भक्तीच्या वेषात आली होती.

आपण काय ओळखावे?

जो शेवटचा दिवस ठरवून सांगतो, तो प्रभूच्या शब्दाविरुद्ध बोलतो. कारण तो दिवस केवळ पित्याला ठाऊक आहे (मार्क १३:३२). खाजगी साक्षात्कार, ख्रिस्तसभेने मान्य केलेले असले तरी, ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर घालू शकत नाहीत (परिच्छेद ६७). जो भीती दाखवून घरदार विकायला लावतो, कुटुंबापासून व संस्कारांपासून तोडतो, त्याच्यापासून आपण दूर राहावे आणि शंका आल्यास आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. ख्रिस्तसभा आपल्या प्रभूप्रमाणे मरण व पुनरुत्थान यांतूनच गौरवात प्रवेश करील. म्हणून आपण तारखा मोजू नयेत. प्रार्थना, संस्कार व सेवा यांत जागृत राहावे.