लग्नाच्या फोटोग्राफरचे पैसे नेमके अडकतात कुठे?

पत्रिकेवर मुहूर्त असतो 12 वाजून 17 मिनिटांचा. अंतरपाट खाली येतो साडेबाराच्या पुढे, आणि त्या क्षणी स्टेजवर काय चाललेलं असतं ते आठवून बघा. गुरुजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, वर धरलेले पंधरा-वीस मोबाईल आणि चारही बाजूंनी येणाऱ्या अक्षता. नवरा-नवरीनं एकमेकांकडे बघितल्याचा तो एक-दोन सेकंदांचा क्षण ज्याला टिपायचाय, त्याच्या लेन्ससमोर हमखास कुणाच्या तरी काकांचा फोन येतो. पुढे 'हार घालतानाचा फोटो नीट का नाही आला?' असं विचारतात तेही बऱ्याचदा तेच काका.

मास कॉमला असताना दोन सीझन मी एका स्टुडिओसोबत लाइट धरायला जायचे. त्याआधी मला वाटायचं, दोन दिवसांचं काम आणि लाखभर रुपये, मजा आहे राव! हिशोब कळला तो नंतर.

काम किती महिने असतं?

फोटोग्राफरच्या भाषेत लग्नाला 'ऑर्डर' म्हणतात आणि ऑर्डरचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. मधेही पौषात अनेक घरांत लग्न करत नाहीत, शिवाय गुरू-शुक्राचा अस्त असतोच. अधिक महिना कुठे येतो यावरही बरंच ठरतं. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. तो चातुर्मासातच पडल्यामुळे फार फरक पडला नाही. 2026 मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन लगीनसराईतला महिना.

त्यात मोठा मुहूर्त सगळ्यांसाठी एकच. एकाच तारखेला पाच फोन येतात आणि पुढचे दहा दिवस एकही नाही. बाकीच्या महिन्यांत मग बारशी, डोहाळजेवणं, गणपती आणि शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र बारा महिने जातो.

1 लाख 20 हजारांची ऑर्डर, हातात किती?

आकडे उदाहरणाचे आहेत. गाव, शहर आणि फोटोग्राफरचं नाव यानुसार ते खूप बदलतात, पण गणित साधारण असंच असतं.

समजा, हळद आणि लग्न अशी दोन दिवसांची ऑर्डर 1 लाख 20 हजारांना ठरली. स्टुडिओचा मालक स्वतः 'ट्रॅडिशनल' फोटो काढणार, म्हणजे स्टेजवर रांगेनं येणारे पाहुणे आणि आहेर. ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड आणि सिनेमॅटिक यांसाठी तीन फ्रीलान्सर लागतात. दिवसाचे 5 हजार धरले तर दोन दिवसांचे 30 हजार झाले. ड्रोनवाल्याचे 6, भाड्याच्या लेन्सचे 3, गाडी-पेट्रोलचे 5. हायलाइट फिल्म आणि रील एडिट करायला 15, तीन तासांचा पूर्ण व्हिडिओ जोडायला 5. हे झाले 64 हजार. त्यावर अल्बमचं डिझाइन 4 हजार आणि दोन्ही घरांसाठी दोन अल्बमची छपाई 18 हजार. एकूण 86. उरले 34 हजार. यातूनच दुकानाचं भाडं, हप्ते, कॅमेऱ्याची झीज आणि बसून काढलेले महिने भागवायचे.

आता पैसे कसे येतात ते बघा. समजा विसार 20 टक्के, लग्नाच्या दिवशी 50 टक्के आणि अल्बम देताना 30 टक्के असं ठरलंय. म्हणजे लग्न होईपर्यंत आले 84 हजार आणि अल्बमपर्यंतचं काम झालं की गेले 64 हजार. हातात 20 हजार दिसतात खरे, पण अल्बमला 22 लागणार आहेत. म्हणजे नफा सगळा शेवटच्या 36 हजारांत अडकलेला. आणि ते मिळायचे अल्बम दिल्यावर.

अल्बम कधी होणार? तुम्ही फोटो निवडून दिल्यावर. इथेच गाडी रुतते. चार हजार फोटोंतून 40 पानांच्या अल्बमसाठी दीड-दोनशे निवडायचे असतात. नवरा-नवरी फिरायला जातात, मग ऑफिस सुरू होतं. सासरचे आणि माहेरचे फोटो सारखे आलेत ना, याची मोजणी होते. धाकट्या आत्याचा एकही नाही म्हणून यादी पुन्हा उघडते. सहा महिने, वर्ष सहज जातं. तोवर ते 20 हजार दुसरीकडे खर्च झालेले असतात.

म्हणून अनेक छोट्या स्टुडिओंत पुढच्या लग्नाच्या विसारातून मागच्या लग्नाचा अल्बम छापला जातो. नवीन ऑर्डर येत असतात तोवर हे चक्र फिरतं. 2020 मध्ये लॉकडाउन ऐन मार्चअखेरीस लागला आणि ते थांबलं. पुढे 50 माणसांत लग्नं झाली, एप्रिल 2021 मध्ये तर राज्यात 25 माणसं आणि दोन तास इतकीच परवानगी होती. तेवढ्या लग्नाला कोण चार कॅमेरे बोलावणार? फोटोग्राफर पैसे घेऊन अल्बम देत नाही, या तक्रारीत काही जण लबाड असतात, मान्य. पण बऱ्याच ठिकाणी गोष्ट या तुटलेल्या चक्राची असते. तरीही ग्राहकानं ती का सोसावी, हा प्रश्न रास्तच आहे. पैसे घेऊन दिलेली फोटोग्राफी ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवा आहे, ती न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

कॅमेऱ्याला सगळ्यात मोठा धोका डीजेचा

हळदीत भंडाऱ्यासारखी उधळलेली पूड आणि पाणी, हे कॅमेऱ्यांनी सवयीचं करून घेतलंय. लेझरचं तसं नाही. वरातीतली किंवा संगीतमधली लेझरची किरणं थेट लेन्समध्ये गेली तर सेन्सरवर कायमचा ठिपका किंवा रेघ उमटू शकते. जुन्या डीएसएलआरमध्ये फोटो काढेपर्यंत सेन्सर आरशामागे झाकलेला असतो, मिररलेसमध्ये तो उघडाच. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात याबद्दल इशारा असतो, पण डीजेवाल्याला तो कोण वाचून दाखवणार?

ड्रोनचंही तसंच. 'ड्रोन नियम 2021'नुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं आणि विमानतळाच्या आसपास वेगळी बंधनं आहेत. वधूपित्याला हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, 'अहो, मागच्या लग्नात तर उडवला होता!'

आणि जेवण. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, नाव घेतात, तो शॉट चुकवून चालत नाही. त्यामुळे फोटोग्राफरची पंगत सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा जिलेबी संपल्यावर.

कार्ड बिघडलं तर?

बाकी सगळं परत मिळवता येतं, लग्न पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणारा कॅमेरा या धंद्यात महत्त्वाचा. निकॉननं 2018 मध्ये झेड 6 आणि झेड 7 आणले तेव्हा त्यात एकच कार्ड बसायचं. लग्नाचं काम करणाऱ्यांनी त्यावर नाकं मुरडली, 2020 च्या पुढच्या आवृत्तीत दोन कार्डांची सोय आली. व्हिडिओची जागा तर विचारू नका. 100 एमबीपीएसनं चित्रण केलं तर तासाला 45 जीबी भरतात. दोन व्हिडिओग्राफर, दोन दिवस, शिवाय हार्ड डिस्कवर दुसरी प्रत. म्हणून फोटोग्राफर डेटा कायम ठेवत नाहीत. किती महिने ठेवणार, हे विसार देतानाच कागदावर घ्या.

फोटो कुणाचे?

सोशल मीडियावरचा सगळ्यात जुना वाद. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे काही लिहिलं नसेल तर लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याकडे. पण फोटोग्राफरला नवं काम मिळतं ते इन्स्टाग्रामवरच्या जुन्या कामातूनच. त्यामुळे छापील अटींत बहुतेकदा 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरू' अशी ओळ असते. नको असेल तर सही करण्याआधी सांगा, फोटो व्हायरल झाल्यावर नव्हे.

आमच्या ताईच्या लग्नाची यादी आम्ही दिली ती सव्वा वर्षानं. बाळाच्या बारशाची ऑर्डर द्यायला फोन केला, तेव्हा दादांनी तारीख विचारायच्या आधी विचारलं, "लग्नाच्या फोटोंचे नंबर पाठवताय ना?"