हजेरीपटावरचा सतरा नंबर

मंडळी, आजचा विषय पाहून आमच्या घरातलेच काही जण म्हणतील, की आबांना हे कधीपासून कळायला लागलं? खरं आहे. यातलं निम्मं मला नातवाने समजावून सांगितलंय. उरलेलं निम्मं मात्र इतिहासाचं आहे, आणि तिथे मी कोणाला ऐकत नाही.

दिवाळीच्या आधी नातू आठ दिवस आमच्याकडे राहायला आला होता. नोकरी नवी, प्रोबेशन संपायचंय, काम घरूनच. तिसऱ्या दिवशी पाहतो तो स्वारी जेवायला उठायला तयार नाही. "आबा, कंटेनर सुरूच होत नाहीत."

कंटेनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे न्हावा-शेव्याच्या रस्त्यावरचे ट्रेलर आले. तो हसला, पण नाव तिथूनच आलंय म्हणाला. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ पेट्या 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत बांधायचं, आणि ती पेटी कोणत्याही यंत्रावर नेऊन चालवायची.

याच्या पेट्या मात्र जागच्या हलत नव्हत्या. त्या चालवणारं सॉफ्टवेअर चालू केलं की लगेच बंद पडायचं आणि शेवटची ओळ एकच, की एकही नेटवर्क मोकळं नाही. त्याने ते दोनदा पुसून पुन्हा बसवलं होतं. दोन रात्री त्यात गेल्या. शुक्रवारपर्यंत काम द्यायचं होतं, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्यालाच काही येत नाही. गेल्या आठवड्यात हाच लॅपटॉप नीट चालत होता. मी आपला मास्तरी प्रश्न विचारला, "मग मधल्या काळात बदललं काय?" पुष्कळ विचार करून म्हणाला, "सोमवारपासून ऑफिसने सगळं व्हीपीएनमधून जायला सांगितलंय."

आता ही भानगड कळायला शाळेत जावं लागेल. प्रत्येक मुलाला दोन नंबर असतात. एक जनरल रजिस्टरचा. तो अख्ख्या शाळेत एकाचाच, मूल शाळा सोडून गेलं तरी दुसऱ्याला मिळत नाही. दुसरा हजेरीपटावरचा. आठवी 'अ'मध्ये एक सतरा नंबर, आठवी 'ब'मध्ये दुसरा. वर्ग वेगळे आहेत तोवर काही बिघडत नाही. पण एखादे गुरुजी रजेवर गेले, दोन वर्ग एकत्र बसवले आणि आपण "सतरा!" म्हणून पुकारलं, की दोन मुलं उभी राहतात. (माझ्या वर्गात एकदा एक उभा राहून "हजर" म्हणाला आणि मार दुसऱ्याने खाल्ला. असो.)

संगणकांच्या पत्त्यांचा इतिहास नेमका हाच आहे. १९८१च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला इंटरनेटचा जो नियम निघाला, त्यात पत्ता ३२ बिटांचा ठरला. म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या वेळी ते अफाट वाटले असणार. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता, म्हणजे जनरल रजिस्टरचा नंबर, हे तत्त्व. पण पत्ते वाटले गेले ते मोठमोठ्या घासांनी, एकेका संस्थेला कधीकधी १ कोटी ६७ लाख, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते संपणार अशी चिंता लागली.

मार्च १९९४मध्ये चौघांनी एक पत्रक काढलं. ('शेरे कळवावेत' अशा नम्र नावाने ही पत्रकं निघतात. शासकीय परिपत्रकांना हे नाव द्यायला हरकत नाही.) त्यांचं म्हणणं साधं होतं. विमानतळावरच्या येण्या-जाण्याच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांना किंवा दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांना जगाशी कुठे बोलायचंय? त्यांना हजेरीपटाचे नंबर द्या. त्यासाठी तीन गठ्ठे बाजूला काढले. १०ने सुरू होणारे सगळे (हा मूळचा अर्पानेटचा नंबर, अर्पानेट १९९०मध्ये बंद झाल्यामुळे मोकळा होता), १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे पत्ते कोणीही वापरावेत, कोणाला विचारू नये.

चारच महिन्यांनी, जुलै १९९४मध्ये, दुसऱ्या चौघांनी याला लेखी विरोध केला. त्यात एलियट लिअर हे एक होते. पुरेशी चर्चा न करता हे लादलं, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की दोन संस्था आज वेगळ्या आहेत, उद्या जोडल्या जातील, तेव्हा एकाच नंबराची दोन यंत्रं समोरासमोर येतील आणि निस्तरणाऱ्याचे हाल होतील.

माझ्या मते विरोधकांचं निदान अचूक होतं, पण त्यांच्याकडे औषध नव्हतं. फेब्रुवारी १९९६मध्ये सुधारित पत्रक निघालं, आणि त्याच्या लेखकांत पाचवं नाव आहे एलियट लिअर! विरोधी पक्षातल्या माणसाला मसुद्यावर बसवलं. मला ती जागा वाचताना फार आनंद झाला. या पत्रकात टक्कर होण्याचा धोका स्पष्ट लिहिलाय, आणि उपायही. आपल्याला हवे ते नंबर गठ्ठ्यातून वाटेल तिथून, चिठ्ठी टाकल्यासारखे उचला, म्हणजे दोघांचे सारखे निघण्याची शक्यता कमी.

हा सल्ला कोणी फारसा मानला नाही. सगळ्यांनी गठ्ठ्याच्या वरचाच कागद घेतला. घराघरातले राउटर पाहा, १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.१.

मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत सांता क्लारा इथे पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं आणि पेट्यांची ही पद्धत घरोघर गेली. पेट्यांना आपापसात बोलायला यंत्राच्या आतच एक आभासी नेटवर्क लागतं, आणि त्याला पत्ते लागतात. डॉकरने प्रथमपसंती दिली १७२.१७ला. १६ सोडून १७ का? जुन्या मूळ प्रोग्रामात त्याचं कारण शेरा म्हणून लिहून ठेवलंय. १७२.१६मध्ये अॅमेझॉनच्या सेवेतला नावं शोधून देणारा सर्व्हर बसलेला होता, त्याच्याशी टक्कर व्हायची. म्हणजे जन्मतःच एका टकरीतून बाजूला सरकलेला हा नंबर, आणि मग जगभरच्या यंत्रांवर तोच. पुढच्या आवृत्त्यांत १७२.१७ ते १७२.३१ आणि १९२.१६८चे सोळा तुकडे अशी ३१ जागांची यादी आली. ती यादी आपल्याला बदलता येण्याची सोय २०१८मध्ये झाली.

आता नातवाकडे येतो. अशी सॉफ्टवेअरं सुरू होताना यंत्रातल्या वाटांची यादी वाचतात. एखाद्या पत्त्याकडे जाणारी वाट आधीच असेल तर तो पत्ता वापरात आहे असं समजून खोडतात आणि पुढचा पाहतात. इथवर शहाणपणाचं. पण सगळी वाहतूक आपल्यातून नेणारा व्हीपीएन काय करतो, तर वाटांच्या यादीत दोन मोठ्या वाटा घालतो. एक अर्ध्या जगाकडे, दुसरी उरलेल्या अर्ध्याकडे. मग कोणताही पत्ता घ्या, त्याच्याकडे वाट आहेच! यादी वाचत वाचत शेवटपर्यंत जायचं, सगळं खोडायचं आणि कळवायचं की मोकळं काही नाही. पेट्या चांगल्या, सॉफ्टवेअर चांगलं, पोरगाही चांगला. दोन रात्री तो भलतीकडेच शोधत होता.

आधी खात्री करून घेतली. व्हीपीएन तोडला, सॉफ्टवेअर सुरू केलं. सुरू झालं! पण रोज हा उपद्व्याप कोण करणार? दुसरा उपाय सेटिंगच्या फाइलीत पत्ता आपणच लिहून देण्याचा. मग ते यादी चाळत बसत नाही. फक्त ऑफिसच्या आत जो वापरात असेल तो लिहायचा नाही, नाहीतर तिकडचा सर्व्हर पुकारल्यावर इकडची पेटी "हजर" म्हणणार. त्याने ऑफिसात विचारलं. त्यांचे १०.१० ते १०.४० असे होते.

"आबा, कुठला घेऊ?"

मी कपाटातून हौजीची पिशवी काढली. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. १९९६च्या पत्रकातलं ते वाक्य मी त्याला त्याच्याच लॅपटॉपवर पुन्हा काढायला लावलं. त्याने वाचलं आणि मुकाट्याने पिशवीत हात घातला. पहिला आला ३४. तो ऑफिसचा, बाजूला ठेवला. दुसरा आला ८३.

१०.८३ लिहून त्याने फाइल बंद केली, व्हीपीएन चालू ठेवूनच सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि आजीला हाक मारून पान वाढायला सांगितलं.