घरातला 'जर्मन' कंदील

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं समितीच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी किल्ल्यावरच लिहिणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. नळदुर्गच्या माणसाने पाणी महाल आणि नर-मादी धबधबे सोडून दुसरं काय लिहायचं! पण किल्ल्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी आमच्या माळ्यावरच्या कंदिलाबद्दल लिहितो.

आमची आई एक आठवण नेहमी सांगायची. 13 सप्टेंबर 1948, पोलिस ॲक्शनचा पहिला दिवस. सोलापूरकडून भारतीय फौज आली, बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग त्याच दिवशी निजामाच्या अमलातून सुटलं. पण घरात बसलेल्यांना हे कुठलं कळायला? आजोबांनी रात्री कंदिलाची वात अगदी बारीक केली, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून पुढे सूप आडवं लावलं, आणि सगळे पहाटेपर्यंत तसेच बसून राहिले. "हा तोच कंदील, जर्मनचा," असं आई माळ्याकडे बोट दाखवून म्हणायची.

आता आपल्याकडे 'जर्मनचा' म्हणजे काय, हाच घोळ. ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही आपण जर्मनचं पातेलं म्हणतो. त्यामुळे निवृत्तीनंतर मी कंदील खाली काढला आणि खात्री करायचं ठरवलं. बँकेत सगळा जन्म सह्या पडताळण्यात गेला. एवढं जमायला हरकत नव्हती.

कंदिलाची सही म्हणजे पत्र्यात ठोकलेली अक्षरं. रॉकेलच्या फडक्याने हलकेच काजळी पुसली की ती वर येतात. पॉलिश पेपर मात्र लावू नका, अक्षरंच घासून जातात. आमच्या कंदिलावर ज्वाळा निघणारा हात दिसला. ही 'फॉयरहँड' या कारखान्याची खूण. शब्दाचा अर्थच अग्निहस्त. हर्मान नीर यांचा हा कारखाना 1902 पासूनचा, सॅक्सनी प्रांतातल्या बायरफेल्ड गावचा. एरफुर्टच्या स्ट्यूबगेनच्या कंदिलावर वटवाघूळ असतं. 'डीट्झ' असं नाव असेल तर तो अमेरिकेचा, पण आपल्याकडे तोही जर्मनच ठरतो! दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ताजी हवा ज्योतीला पुरवायची ही युक्तीही मूळ अमेरिकेतलीच, 1870 च्या दशकातली. म्हणून तर कंदील वाऱ्यात विझत नाही.

देशाचं नाव छापायची पद्धत इंग्रजांच्या 1887 च्या कायद्याने आली. जर्मन माल इंग्रजी म्हणून खपू नये हा हेतू; झालं उलटं, 'मेड इन जर्मनी' हीच मालाची शिफारस बनली. पण एवढ्यावरून कंदील जुना ठरत नाही. फॉयरहँडचा 276 नंबरचा कंदील आजही तयार होतो आणि त्यावरही हेच शब्द असतात. नव्याला गंज चढवून जुन्याच्या भावात विकणारे लोक आहेत. काचेवरचा 'येना' हा शिक्का उपयोगी पडतो, पण काच फुटली की लोक बाजारात मिळेल ती बसवतात. तिच्यावर फार विसंबू नये.

आमच्या कंदिलावर मात्र 'डब्ल्यू. जर्मनी' होतं. मी भिंग घेऊन तीनदा वाचलं. जर्मनीचे दोन देश झाले 1949 मध्ये. बायरफेल्ड रशियनांच्या भागात गेलं आणि नीर यांचा कारखाना पश्चिमेकडे होहेनलॉकस्टेटला पुन्हा उभा राहिला. म्हणजे 1948 च्या त्या रात्री हा कंदील जन्मालाही आलेला नव्हता!

आई तेव्हा हयात नव्हती, हे एका परीने बरंच झालं. मग ती रात्र खोटी का? नाही. घरात दुसराही एक कंदील होता, बुडाला पोचलेला, एका बाजूला कललेला. त्यावर मराठीत 'प्रभाकर' असं नाव होतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले बंधूंचा काच कारखाना 1916 चा. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल यायचा थांबला आणि आपल्याकडच्या काच कारखान्यांना संधी मिळाली. पुढे प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. सुपाआडचा कंदील बहुधा तोच असावा. आईच्या आठवणीत दोन्ही एक झाले.

आणि तो मीच घालवला. 25 वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सामान आवरताना चांगला दिसणारा 'फॉरेनचा' कंदील कापडात गुंडाळून ठेवला आणि पोचलेला भंगारवाल्याला दिला. किती पैसे आले आठवत नाही. चहापुरते असतील.

राहिलेल्या कंदिलाची एक तारीख मात्र मी स्वतः सांगू शकतो. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीच्या भूकंपाची पहाट. घर हादरलं तसे आम्ही रस्त्यावर आलो. आत जाऊन दिव्याचं बटण दाबायलाही कोणी धजेना. ओसरीवरच्या खुंटीला हा कंदील होता, हात घालून मी तो ओढून घेतला आणि अंगणात पेटवला. आई तेव्हा होती. उजाडेपर्यंत ती त्याच्याशेजारी बसली होती, आणि शेजाऱ्यांना 1948 ची गोष्ट सांगत होती.